दुर्बिणींतून स्पष्ट कसें दिसेल?

घरांत नवी दुर्बीण येते तो दिवस लहानथोर सर्वांच्याच लक्षांत राहतो. मुलाच्या वाढदिवसानिमित्त किंवा परीक्षेंतील यशाबद्दल ती आणलेली असते. खोक्यावर शनीचें कड्यासह रंगीत चित्र असतें आणि त्याखालीं ठळक आंकडा छापलेला असतो: '५२५ पट'. संध्याकाळीं सारें घर गच्चीवर जमतें. वडील खोक्यांतील सर्वांत जोरदार भिंग निवडून नळीस लावतात, कारण जोर जितका अधिक तितकें दर्शन चांगलें, असें कोणालाहि वाटणें स्वाभाविक आहे. मग तासभर खटपट होते. कधीं नुसता अंधार दिसतो, कधीं एक करडा, थरथरणारा डाग क्षणभर येऊन निघून जातो. आजी विचारते, "हाच का रे शनि?" आणि कोणाजवळच उत्तर नसतें. दोन-चार रात्रींनंतर दुर्बीण पुन्हां खोक्यांत जाते, खोकें माळ्यावर जातें, आणि मुलाच्या मनांत एवढेंच उरतें कीं आकाशांत पाहण्यासारखें कांहीं नाहीं, किंवा असलें तरी तें आपल्यासारख्यांना दिसावयाचें नाहीं.

यांत पैसा वांयां जातो हें खरें, परंतु त्याहून मोठें नुकसान त्या मुलाच्या जिज्ञासेचें होतें. आणि बहुतेक वेळां दुर्बीण वाईट नसते. १६१० सालच्या जानेवारींत गॅलिलिओनें गुरूभोंवतीं फिरणारे चार चंद्र शोधून काढले, तेव्हां त्याची दुर्बीण सुमारें वीसपट मोठें दाखवीत होती, आणि तिचीं भिंगें आजच्या साध्या दुर्बिणीच्या भिंगांहून पुष्कळच सदोष होतीं. वीसपटींत गुरूचे चंद्र सांपडतात आणि पांचशेंपटींत शनि सांपडत नाहीं, तेव्हां दोष कांचेंत नसून समजुतींत असला पाहिजे. मोठें दिसणें निराळें व स्पष्ट दिसणें निराळें, हा भेद ध्यानांत आला म्हणजे त्याच दुर्बिणींतून, त्याच गच्चीवरून शनीचें कडें खरोखर दिसूं लागतें.

दुर्बिणीचें काम दोन टप्प्यांत चालतें. पुढच्या टोंकास असलेलें मोठें भिंग, ज्यास वस्तुभिंग म्हणतात, तें दूरच्या वस्तूचा प्रकाश गोळा करून नळीच्या मागील टोंकाशीं तिची एक चिमुकली प्रतिमा तयार करतें. आरशाच्या दुर्बिणींत हेंच काम खोलगट आरसा करतो. डोळ्याजवळ जें लहान भिंग बसवितात तें नेत्रभिंग. दुकानांत त्यालाच आयपीस म्हणतात. हें नेत्रभिंग आकाशांतून नवीन कांहीं आणीत नाहीं. त्या चिमुकल्या प्रतिमेकडे मोठें करून पाहण्याचें तें साधन होय. वर्तमानपत्रांतील छायाचित्र बहिर्गोल भिंगाखालीं धरलें तर चेहऱ्यावरील सुरकुती अधिक स्पष्ट होत नाहीं, शाईचे ठिपके मात्र मोठे होतात. छायाचित्रांत जें मुळांत उतरलेंच नाहीं तें भिंग कोठून दाखविणार? नेत्रभिंगाचेंहि तसेंच आहे. वस्तुभिंगानें जेवढा तपशील प्रतिमेंत उतरविला असेल तेवढाच तें उघड करूं शकतें.

किती पट मोठें दिसेल याचें गणित सोपें आहे. भिंगापासून जेवढ्या अंतरावर दूरच्या वस्तूची प्रतिमा स्पष्ट उमटते, त्यास नाभ्यंतर म्हणतात. वस्तुभिंगाच्या नाभ्यंतरास नेत्रभिंगाच्या नाभ्यंतरानें भागलें कीं उत्तर मिळतें. नवशिक्यांसाठीं सर्रास विकली जाणारी एक दुर्बीण उदाहरणास घ्यावी: वस्तुभिंगाचा व्यास ६० मिलिमीटर, नाभ्यंतर ७०० मिलिमीटर, आणि बरोबर २०, १२.५ व ४ मिलिमीटर नाभ्यंतराचीं तीन नेत्रभिंगें. त्यांनीं अनुक्रमें ३५, ५६ व १७५ पट मोठें दिसतें. यांशिवाय तिप्पट करणारें एक बार्लो भिंग असतें. तें ४ मिलिमीटरच्या नेत्रभिंगास जोडलें कीं १७५ चे ५२५ होतात. खोक्यावरील आंकडा असा तयार होतो. गुणाकार म्हणून तो बरोबर आहे, परंतु पाहण्याच्या कामीं त्याचा उपयोग नाहीं.

याचें कारण प्रकाशाच्या स्वभावांत आहे. प्रकाश लहरींच्या रूपानें प्रवास करतो आणि भिंगाच्या मर्यादित तोंडांतून जातांना थोडा पसरतो. त्यामुळें भिंग कितीहि निर्दोष असलें तरी ताऱ्याची प्रतिमा बिंदु न होतां एक लहानशी चकती होते व तिच्याभोंवतीं फिकट वलयें उमटतात. या चकतीचें गणित इंग्लंडांतील ज्योतिषी जॉर्ज एअरी यानें १८३५ सालीं मांडलें. वस्तुभिंग जितकें मोठें तितकी ही चकती लहान. पुढें डॉझ नांवाच्या इंग्रज निरीक्षकानें अनुभवावरून एक नियम बसविला. तो मिलिमीटरांत मांडावयाचा तर असा: ११६ या संख्येस भिंगाच्या व्यासानें भागावें, म्हणजे निदान किती विकलांच्या अंतरावरील दोन तारे निरनिराळे दिसतील तें समजतें. एका अंशाच्या ६० कला व एका कलेच्या ६० विकला. पौर्णिमेच्या चंद्राचें बिंब सुमारें ३१ कला रुंद असतें. या हिशेबानें साठ मिलिमीटरच्या दुर्बिणीची मर्यादा सुमारें २ विकला येते. त्याहून बारीक तपशील तिच्या प्रतिमेंत उतरतच नाहीं.

आतां डोळ्याचा विचार. एका कलेहून जवळ असलेले दोन बिंदु निरोगी डोळ्यासहि सहसा अलग ओळखतां येत नाहींत, आणि आरामानें पाहावयाचें तर तीन-चार कलांचें अंतर लागतें. २ विकलांस १२० नें गुणिलें म्हणजे २४० विकला, अर्थात् ४ कला होतात. म्हणजे या दुर्बिणींत १२० पटींपर्यंत गेल्यानें प्रतिमेंतील सर्व तपशील डोळ्याच्या आवांक्यांत येतो. त्यापुढें केवळ त्या चकत्याच मोठ्या होत जातात. मिलिमीटरांतील व्यासाची दुप्पट, ही जी मर्यादा अनुभवी निरीक्षक सांगतात ती याच हिशेबाशीं जुळते. ७० मिलिमीटरच्या दुर्बिणीस ती १४० येते, ११४ मिलिमीटरच्या आरशास सुमारें २३०. हीहि मर्यादा उत्तम रात्रीची. नेहमींच्या रात्रीं पुष्कळदां तिच्या निम्म्यावरच थांबावें लागतें.

तपशील वाढत नाहीं एवढ्यावर हें प्रकरण संपत नाहीं. जोर वाढविल्यानें तोटेहि सुरू होतात. ३५ पटींवरून १७५ पटींवर गेलें कीं प्रतिमा पांचपट लांब व पांचपट रुंद होते, म्हणजे तोच प्रकाश पंचवीसपट क्षेत्रावर पसरतो. म्हणून शनि करडा व मलूल दिसतो. नेत्रभिंगांतून बाहेर पडणारा प्रकाशाचा झोतहि बारीक होतो. ३५ पटींस तो पावणेदोन मिलिमीटरच्या जवळपास जाड असतो, १७५ पटींस मिलिमीटरचा तिसरा हिस्सा उरतो. इतक्या बारीक झोतांत डोळ्याच्या आंत तरंगणाऱ्या सूक्ष्म कणांच्या व तंतूंच्या सावल्या दिसूं लागतात, आणि नवख्या माणसास त्या ग्रहावरीलच खुणा वाटतात.

दुसरा तोटा तिवईचा. ग्रह जितक्या पटींनीं मोठा होतो तितक्याच पटींनीं तिवईचा कंपहि मोठा होतो, आणि स्वस्त दुर्बिणीची तिवई बहुधा तिच्या भिंगाहून कमकुवत असते. नळीवर बोटानें हळूच टिचकी मारून प्रतिमा किती वेळानें स्थिर होते तें मोजावें. पांच-सहा सेकंद लागत असतील तर उपाय केला पाहिजे. तिवईचे पाय पूर्ण लांब न करतां खुर्चीवर बसून पाहावें, तिवईच्या मध्यभागीं विटेचें किंवा पाण्यानें भरलेल्या डब्याचें वजन टांगावें, आणि फोकसची चाकी फिरविल्यावर हात काढून घेऊन थोडें थांबावें. शिवाय पृथ्वी फिरत असल्यामुळें तारा सेकंदास १५ विकलांपर्यंत सरकतो. मोठ्या जोराच्या भिंगांतून आकाशाचा इतका लहान तुकडा दिसतो कीं ग्रह मिनिटाभरांत एका कडेपासून दुसऱ्या कडेस जाऊन नाहींसा होतो. म्हणून तो ज्या कडेनें आंत शिरतो त्या कडेशीं आणून ठेवावा, आणि नळीस हात न लावतां तो पलीकडे जाईपर्यंत पाहात राहावें.

या सर्वांहून बलवत्तर अडथळा हवेचा. न्यूटननें १७०४ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रकाशावरील ग्रंथांत स्पष्टच सांगितलें आहे कीं दुर्बीण कितीहि निर्दोष केली तरी हवेच्या थरथरीमुळें तिला मर्यादा पडणारच, व तीवर उपाय एकच, तो म्हणजे उंच पर्वतशिखरावरील निवांत हवा. आजच्या मोठ्या वेधशाळा डोंगरमाथ्यावर बांधल्या जातात त्या मुख्यतः याच कारणासाठीं. शहरांतील कुटुंबास डोंगरमाथा लाभत नाहीं, तरीहि बरेंच कांहीं त्याच्या हातीं असतें. दिवसभर तापलेली काँक्रीटची गच्ची सूर्यास्तानंतरहि कित्येक तास उष्णता सोडीत असते आणि तिच्यावरील हवा चुलीवरच्या हवेसारखी लवलवते. म्हणून उन्हाळ्यांत रात्रीं उशिरां किंवा पहांटे पाहावें. अंगणांत माती वा गवत असेल तर तें गच्चीहून बरें. तापलेल्या पत्र्यांवरून किंवा शेजारच्या वातानुकूलन यंत्राच्या तोंडावरून दृष्टि जाईल अशी जागा टाळावी. खोलींत बसून खिडकींतून पाहणें तर व्यर्थच, कारण आंतील व बाहेरील हवा खिडकीशींच एकमेकींत मिसळत असते. ग्रह क्षितिजापासून निदान ३० अंश वर आल्यावांचून मोठ्या जोराचें भिंग लावूं नये. क्षितिजाजवळ असतांना त्याचा प्रकाश हवेच्या फारच जाड थरांतून येतो.

रात्र कशी आहे हें तारेच सांगतात. ते फार लुकलुकत असले तर ती रात्र चंद्र किंवा तारकापुंज कमी जोरानें पाहण्याची समजावी. वाऱ्याची, लखलखीत रात्र मोहक असली तरी ग्रहांसाठीं पुष्कळदां निकामी ठरते. उलट किंचित् धूसर परंतु निवांत रात्रीं शनि कोरल्यासारखा दिसतो. दुर्बीण अर्धा तास अगोदर बाहेर ठेवून तिला बाहेरच्या हवेइतकी थंड किंवा उबदार होऊं द्यावी. आरशाच्या दुर्बिणीस याची विशेष गरज असते. मुंबई-कोंकणाच्या दमट हवेंत गार खोलींतून आणलेल्या भिंगावर दंव धरतें. तें रुमालानें पुसूं नये, आपोआप उडूं द्यावें.

प्रत्यक्ष पाहण्याचा क्रमहि ठरलेला असावा. नळीच्या पाठीवर जी लहान शोधक दुर्बीण असते ती मुख्य दुर्बिणीशीं दिवसा उजेडींच जुळवून घ्यावी. त्यासाठीं एखाद्या दूरच्या देवळाचा कळस किंवा मनोऱ्याचें टोंक पुरतें. हें काम सूर्याच्या विरुद्ध दिशेस करावें आणि मुलांना एकटें करूं देऊं नये. दुर्बिणींतून सूर्याकडे एक क्षण पाहिल्यानेंहि दृष्टि कायमची जाऊं शकते. कांहीं खोक्यांत नेत्रभिंगावर बसवावयाची काळी सूर्यकांच दिलेली असते. ती उष्णतेनें तडकते, म्हणून ती घरांत ठेवूंच नये.

रात्रीं प्रथम नेहमीं सर्वांत कमी जोराचें, म्हणजे २० मिलिमीटरचें, नेत्रभिंग लावावें. ग्रह त्यांत आणून मध्यभागीं घ्यावा. फोकसची चाकी सावकाश फिरवीत स्पष्टतेच्या पलीकडे जावें, पुन्हां मागें यावें, आणि असें दोनदां करून ताऱ्याचा ठिपका जेथें लहानांत लहान होतो तेथें थांबावें. मगच १२.५ चें भिंग लावावें व पुन्हां नव्यानें फोकस करावा, कारण प्रत्येक भिंगाची जागा थोडी निराळी असते. नवें भिंग लावल्यावर पूर्वीपेक्षां एक तरी गोष्ट अधिक दिसली का, असा प्रश्न दर वेळीं करावा. दिसली असेल तर आणखी पुढें जावें, नसेल तर मागें यावें. हवेचे पडदे सारखे हालत असतात. मधूनच एखाद-दोन सेकंद ते स्थिर होतात आणि तेवढ्यांत सारें स्वच्छ दिसून जातें. त्या क्षणासाठीं पांच-दहा मिनिटें डोळा लावून बसण्याची तयारी ठेवावी. आरशाच्या दुर्बिणींत एवढें करूनहि प्रतिमा एका बाजूस ओढल्यासारखी दिसली, तर एखाद्या तेजस्वी ताऱ्याचा फोकस मुद्दाम थोडा बिघडवून पाहावा. दिसणारीं वलयें एककेंद्री नसतील तर आरसे सरळ करून घेतले पाहिजेत.

नेत्रभिंगांचा दर्जाहि पाहिला पाहिजे. स्वस्त भिंगांवर 'एच' किंवा 'एसआर' अशीं अक्षरें असतात. पहिलें अक्षर हायगेन्सच्या रचनेचें व दुसरीं रॅम्सडेनच्या रचनेचीं द्योतक होत. या जुन्या रचना कमी जोरास चालून जातात, परंतु ४ मिलिमीटरच्या 'एसआर' भिंगाचें छिद्र इतकें बारीक असतें कीं डोळा त्याला जवळजवळ टेकवावा लागतो, पापणी लागून नळी हालते, आणि चष्मा घालणाऱ्यास तर त्यांतून पाहणें अशक्यच होतें. व्हिएन्नाच्या प्लोसल यानें १८६० सालीं काढलेल्या रचनेचीं भिंगें आज माफक किंमतीस मिळतात व पुष्कळ चांगलीं असतात. वरील दुर्बिणीस १० मिलिमीटरचें एक प्लोसल घेतलें तर ७० पटींचें सोयीस्कर दर्शन होतें. १२.५ मिलिमीटरच्या चांगल्या भिंगास दुप्पट करणारें चांगलें बार्लो जोडल्यास ११२ पट मिळते आणि डोळाहि आरामशीर अंतरावर ठेवतां येतो. खरेदीपूर्वीं नळीच्या भोंकाचा व्यास मोजावा: पुष्कळ दुर्बिणींस सव्वा इंचाचीं भिंगें लागतात, जुन्या व अगदीं स्वस्त दुर्बिणींस सुमारें साडेचोवीस मिलिमीटरचीं. केवळ जवळचें किंवा दूरचें न दिसण्यासाठीं चष्मा असेल तर तो काढून फोकस करावा. नजरेंत वक्रतेचा दोष असल्यास मात्र फोकसनें तो भरून निघत नाहीं, आणि कमी जोराच्या भिंगांना चष्मा ठेवूनच पाहणें बरें.

आपली दुर्बीण कोठवर जाते हें पाहण्यासाठीं आकाशांतच कसोट्या आहेत. लग्नांत नवदांपत्यास वसिष्ठ-अरुंधतीचें दर्शन घडविण्याची चाल आहे. उन्हाळ्याच्या संध्याकाळीं उत्तरेस सप्तर्षि उंच आलेले असतात, तेव्हां ही जोडी ३५ पटींच्या भिंगांत एकदम मावते. परंतु त्यांतला एकटा वसिष्ठच दुर्बिणींत दोन ताऱ्यांचा असल्याचें दिसतें. त्या दोहोंमधील अंतर सुमारें १४ विकला आहे. ३५ नें गुणिल्यास तें आठ कलांचें होतें व डोळ्यास सहज कळतें. याहून अवघड कसोटी पुनर्वसूची. हिवाळा सरतांना माथ्यावर येणाऱ्या त्या दोन तेजस्वी ताऱ्यांपैकीं उत्तरेकडील तारा स्वतःच जोडतारा आहे, आणि सध्यां त्याच्या दोन घटकांत पांच विकलांहून थोडें अधिक अंतर आहे. ३५ पटींस तो नुसता लांबट भासतो, ७० पटींस दोन ठिपके अलग होतात. जोर वाढविण्याचा खरा उपयोग कोणता, हें या एका ताऱ्यावरून मुलासहि समजतें.

शेवटीं शनीकडे यावें. त्याच्या कड्याची रुंदी, ग्रह पृथ्वीच्या जवळ असतांना, सुमारें ४० विकला असते. ७० पटींस ती ४६ कलांहून अधिक होते. म्हणजे नुसत्या डोळ्यांना पौर्णिमेचा चंद्र जेवढा दिसतो त्याच्या दीडपट रुंद शनीचें कडें त्या साध्या दुर्बिणींत दिसत असतें. काळ्या पार्श्वभूमीवर तें लहान वाटतें एवढेंच; एकदां चंद्राशीं तुलना केली म्हणजे पटीच्या हव्यासाचें कारण उरत नाहीं. २०२५ सालच्या मार्चमध्यें हें कडें पृथ्वीवरून पाहतां अगदीं कडेवर आलें होतें आणि रेषेसारखें झालें होतें. त्यानंतर तें पुन्हां उघडत चाललें असून येत्या कांहीं वर्षांत अधिकाधिक रुंद दिसत जाईल. नवशिक्यांना हा काळ अनुकूल आहे. एकट्यानें जमत नसेल तर जाणत्या मंडळींची मदत घ्यावी. पुण्यांत १९४४ सालीं ज्योतिर्विद्या परिसंस्था स्थापन झाली ती अशाच हौशी अभ्यासकांच्या हातून, आणि आकाशदर्शनाची आवड असलेलीं मंडळें आज अनेक शहरांत आहेत. एक रात्र त्यांच्यासमवेत काढली तर महिन्याभराची चुकतमाकत शिकण्याची दगदग वांचते.

गॅलिलिओला १६१० सालीं शनि तीन गोळ्यांचा भासला होता. तें कडें आहे हें हायगेन्सनें ओळखलें व १६५९ सालीं प्रसिद्ध केलें; त्याआधीं १६५५ सालीं शनीचा मोठा चंद्र टायटन त्यालाच प्रथम दिसला होता. त्या वेळीं त्याच्या दुर्बिणीचा जोर होता पन्नासपटींच्या आसपास. त्याच हायगेन्सचें आद्याक्षर स्वस्त खोक्यांतील, वडिलांनीं बाजूस सारलेल्या, २० मिलिमीटरच्या नेत्रभिंगावर कोरलेलें असतें. माळ्यावरचें खोकें एखाद्या निवांत रात्रीं खालीं काढावें, तेंच भिंग नळीस लावावें, आणि शनि दृष्टींत आल्यावर पहिली पाळी आजीस द्यावी. या खेपेस तिला "हाच का?" असें विचारावें लागणार नाहीं.